खुर्चीच्या पोटावरचा बाण

आमच्या मुलीच्या साखरपुड्यात गव्हाण्यांनी आमच्या होणाऱ्या व्याह्यांना खुर्चीवरून उठवलं.

"जरा उठता का साहेब," एवढंच म्हणाले. व्याही बिचारे हातातल्या पेढ्याच्या बशीसकट उठले. त्यांना वाटलं, फोटो काढायचाय. गव्हाण्यांनी त्यांची ती लालभडक खुर्ची उचलून उलटी केली, चष्मा कपाळावर चढवून तिच्या पोटावर काहीतरी वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मग खिशातून काळा रुमाल काढून त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर खसाखसा घासला. रुमालाकडे पाहिलं. खुर्ची सरळ केली, बैठकीवर गुडघा रोवला आणि पाठ धरून मागे रेटली. कडाड्! मागचा पाय मुळातून तुटला आणि घसरत भटजींच्या पाटापर्यंत गेला.

"वाचलात," गव्हाणे व्याह्यांना म्हणाले आणि विहीणबाईंच्या खुर्चीकडे वळले.

मला धक्के लवकर बसतात हे आधीच कबूल करते. दूध उतू गेलं तरी मी छातीवर हात ठेवून भिंतीला टेकते, असं आमचे हे चारचौघांत सांगत असतात. पण त्या दिवशी ह्यांनीसुद्धा भिंतीचा आधार घेतला. व्याह्यांचं वजन नव्वदच्या घरात, त्यामुळे 'वाचलात' हा शब्द त्यांना भलताच झोंबला. विहीणबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हे तुमचे कोण?" आणि मी पटकन म्हणून गेले, "कोणी नाहीत हो. समोर राहतात."

अकरा वर्षं समोरासमोर दार असलेला माणूस. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी स्वारी आमच्या दारात हजर. माफी मागायला आले असतील म्हणून मी चहा टाकला. ते म्हणाले, "वहिनी, खुर्च्यांना तेलाचा हात मारला होता का?"

मारला होता. हॉलच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी बिल्डिंगमधून आठ-दहा जमवल्या होत्या आणि सकाळी गोडेतेलाच्या फडक्यानं पुसून लखलखीत केल्या होत्या. आमच्याकडे सगळ्याच बायका पुसतात. जुनी खुर्ची नवी दिसते.

"तेच सांगायलोय," गव्हाणे म्हणाले. "पावडर सुटलेली तेलानं झाकून जाते. म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवून बाजारात न्यावं तसली गत झाली. ऊन काय कुणाचं पाव्हणं नाही बगा. तेल लावलं म्हणून सोडत नाही."

'ऊन कुणाचं पाव्हणं नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून चारदा तरी ऐकू येतं.

बब्रुवान गव्हाणे मूळचे लातूरकडचे. मिसरूड फुटायच्या वयात कामाला म्हणून इकडे आले आणि तळवड्यातल्या एका लहानशा कारखान्यात चिकटले. तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या, बादल्या, ड्रम असा माल निघायचा. शेवटची वीस वर्षं ते मालाच्या तपासणीवर होते. त्यांची सही पडल्याशिवाय माल फाटकाबाहेर जायचा नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. फक्त पूर्वी ती कारखान्यापुरती होती, आता सगळं पिंपरी-चिंचवड त्यांच्या ताब्यात आलं.

सोसायटीच्या गच्चीवर त्यांनी एक तिरकी फळी ठोकली आहे, दक्षिणेकडे तोंड करून. तिच्यावर नाना रंगांच्या प्लास्टिकच्या चकत्या ओळीनं बसवलेल्या, आणि प्रत्येक चकतीचा अर्धा भाग चंदेरी कागदात गुंडाळलेला. महिन्यातून एकदा कागद सोडून ते झाकलेला अर्धा आणि उघडा अर्धा शेजारी शेजारी ताडून बघतात, वाकवून बघतात, आणि वहीत टिपतात. सुरुवातीला मला वाटलं, वास्तुशास्त्रातला काही उपाय असेल. मी जाता-येता नमस्कारही करत होते. मग एके दिवशी त्या ओळीत मला माझ्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा दिसला. शेजारी माझ्या नव्या झाडूच्या मुठीचा कापलेला तुकडा. मी पुन्हा भिंतीला टेकले.

"वहिनी, झाडू तुमचा सावलीत राहतो, त्याला काय होणार नाही," ते म्हणाले. "पण चिमटा बगा. हिवाळ्यात घेतला, उन्हाळ्यात दाबला की मोडतो. का मोडतो, कधी इचार केलाव?"

मी काही विचार केला नव्हता. चिमटे मोडतात, आपण नवे आणतो.

मग त्यांनी मला रंगांची सगळी भावकी समजावून सांगितली. काळा रंग म्हणजे थोरला भाऊ, सगळं ऊन स्वतःच्या अंगावर घेतो आणि आतल्या प्लास्टिकला लागू देत नाही. पांढरा चांगल्या प्रतीचा असला तर ऊन परतवतो, हलका असला तर स्वतःच भुकटी होऊन हाताला लागतो. लाल-पिवळ्यात डावं-उजवं फार. काही महिन्याभरात विटतात, काही जन्मभर टिकतात. आणि रंगाशिवाय आणखी एक गोष्ट वितळवायच्या प्लास्टिकच्या दाण्यात मिसळावी लागते. तिचं इंग्रजी नाव हातभर लांब आहे, गव्हाणे तिला नुसतं 'औषध' म्हणतात. हे औषध चिमूटभरच लागतं, दिसत नाही, वास नाही, माल नवा असताना आहे की नाही ते कळत नाही. उन्हात दोन वर्षं काढल्यावर कळतं.

"आणि गिऱ्हाईक काय बघतं? रंग!" असं म्हणून ते कपाळावर हात मारत. "रंग नटवतो वहिनी, जगवतं औषध."

त्यांच्या या ज्ञानाचा मला पहिला फटका बसला तो कुरडयांचा. गच्चीवर निळ्या प्लास्टिकच्या कागदावर वर्षाच्या कुरडया घातल्या होत्या. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर काळा रुमाल फिरवला आणि निळसर पांढरी भुकटी माझ्या नाकासमोर धरली. सगळ्या कुरडया टाकून दिल्या मी. दुसरा फटका मुलीच्या लग्नात. रुखवत मांडलेलं, विहीणबाईंच्या सगळ्या जावा-नणंदा कौतुकानं बघताहेत, आणि साटोऱ्यांच्या ताटाशेजारी लाल रिबीन बांधलेली एक काळीकुट्ट बादली, आत काळा मग आणि दोन डझन काळे चिमटे. शुभकार्यात काळं! विहीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की लग्न लागतंय की मोडतंय हेच मला कळेना.

"पंधरा वर्षं बघायला नको," गव्हाणे अभिमानानं सांगत होते.

लग्न लागलं. बादली अजून सुखरूप आहे.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येत होतं. खरा धक्का पुढे बसला. माझ्या शाळेतल्या (मी शाळेत कारकून आहे) एका शिक्षिकेचे सासरे वारले, म्हणून तेराव्याला मी पिंपरीला गेले. दारात मांडव, आणि मांडवात गव्हाणे. पांढरा सदरा, पांढरी टोपी, चेहऱ्यावर सुतक. मी विचारलं, "तुमची ओळख होती?" ते "हं" म्हणून दुसरीकडे बघायला लागले. तेवढ्यात गेलेल्या गृहस्थांचा मुलगा येऊन चक्क त्यांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "बाबांचे जुने स्नेही आहेत. सकाळपासून एकट्यानं सगळ्या खुर्च्या उतरवून घेतल्या बघा."

आठवड्यानं आमचे हे चिंचवड गावठाणात कुणाच्या तरी दहाव्याला गेले. तिथंही गव्हाणे. सोसायटीत कुजबुज सुरू झालीच होती की निवृत्त झाल्यापासून हा माणूस अनोळखी लोकांच्या तेराव्याला जेवून येतो. मंगलताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, उत्तम स्वयंपाक करतात. मग ही काय अवदसा आठवली? मला राहवलं नाही. मी एके दुपारी तडक त्यांच्या घरी गेले आणि तोंडावर विचारलं, "भाऊजी, तुम्हाला हे शोभतं का?"

 मंगलताईंनी मला हाताला धरून मागच्या गॅलरीत नेलं. तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. लाल खुर्च्या. एकात एक घातलेल्या, छताला टेकलेल्या, बऱ्याचशा पाय मोडलेल्या.

"सवत परवडली असती," मंगलताई म्हणाल्या. "तिला स्वयंपाकाला तरी लावलं असतं."

मग गव्हाण्यांनी सगळं सांगितलं. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

पाच-सहा वर्षांपूर्वी कारखान्यात लाल खुर्च्यांची घाईची ऑर्डर होती. रंग आला होता, औषध आलं नव्हतं. दोन दिवस थांबा म्हणून गव्हाण्यांनी मशीन अडवलं. मालक म्हणाले, गव्हाणे, या सगळ्या खुर्च्या एका हॉलच्या आहेत, सावलीतच राहणार, त्यांना ऊन कुठून लागतंय? गव्हाण्यांना ते पटलं. त्यांनी सही केली.

"मी लातूरचा, उन्हात वाढलेला माणूस," ते म्हणाले. "माझं डोकं कुठं गेलं होतं? आपल्याकडं खुर्ची कधी एका जागी राहते का, वहिनी?"

खरंच राहत नाही. हॉलची खुर्ची वॉचमन फाटकाशी नेऊन ठेवतो, तिथून ती कुणाच्या तरी हळदीला जाते, हळदीहून सभेला, सभेहून क्रिकेटच्या मैदानावर, आणि एकदा गेलेली खुर्ची मूळ मालकाकडे परत आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्या हॉलनं वर्षभरात निम्म्या खुर्च्या हरवल्या आणि उरलेल्या विकून टाकल्या. आणि त्यातली भानगड अशी की रंग अस्सल होता. उन्हानं खुर्ची आतून मरत गेली, पण लाली तशीच राहिली. रंग विटला असता तर लोकांनी जुनी म्हणून फेकून तरी दिली असती. इथं वरून भुकटी दिसली की बायका तेलाचा हात मारत होत्या आणि नवी समजून पाहुण्यांना बसवत होत्या.

दोन उन्हाळ्यांनंतर एका दुकानदारामार्फत कारखान्यात एक मोडकी खुर्ची परत आली. चाकणच्या पुढे एका वस्तीवर एक म्हातारी तिच्यावरून पडली होती आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मालकांनी दुकानदाराला बदली खुर्ची दिली आणि विषय संपवला. गव्हाण्यांनी ती मोडकी खुर्ची उलटी करून बघितली. प्रत्येक खुर्चीच्या पोटावर घड्याळासारखा लहानसा शिक्का असतो, त्यात वर्ष आणि बाणानं दाखवलेला महिना. बाण त्यांच्या सहीच्या महिन्यावर होता.

तेव्हापासून ते त्या महिन्याच्या खुर्च्या शोधत फिरत आहेत. सापडली की ज्याची असेल त्याला नवी देतात आणि ही उचलून आणतात. आतापर्यंत निम्म्याच्या वर जमल्या होत्या. माझ्या व्याह्यांच्या खाली होती, ती त्यांतलीच एक.

"पण तेरावी कशासाठी?" मी विचारलं.

"लग्नाला लोक भाड्यानं नव्या खुर्च्या मागवतात. तेराव्याला आळीतनं गोळा करतात. घराघरातली जुनी खुर्ची त्या दिवशी बाहेर निघते. बाकी कुठं दिसायच्या त्या मला? कुणाच्या घरात घुसून 'खुर्ची उलटी करा' म्हणता येतं का?" मग म्हणाले, "जेवत नसतो मी तिथं, वहिनी. कधीच नाही जेवलो."

मला रडू आलं. मी कबूल करून टाकते, घरी येऊन मी बराच वेळ रडले. दुसऱ्या दिवसापासून मीही जाईन तिथं खुर्च्या उलट्या करायला लागले. शाळेत मुख्याध्यापकांना उठवलं, तेव्हा त्यांना बसलेला धक्का बघण्यासारखा होता.

गेल्या महिन्यात एका रविवारी गव्हाणे म्हणाले, "चाकणला जाऊन येतो. येतंव का?" त्या म्हातारीकडे ते दोन-तीन महिन्यांनी जायचे, हे मला तेव्हा कळलं. कारखान्यातून खास करवून घेतलेली एक काळी, हातवाली खुर्ची त्यांनी तिला फार पूर्वीच नेऊन दिली होती. ती ठीक आहे का बघायचं निमित्त. बसमध्ये ते हळूच म्हणाले, "तिला ठाऊक नाही मी कोण ते. कंपनीचा माणूस तपासायला येतो, एवढंच. सही माझी होती हे तिथं बोलू नका."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"दर वेळी ठरवून जातो," ते म्हणाले. "तिला वॉकर धरून उठताना बघितलं की जीभ रेटत नाही. हल्ली तर ती वॉकर धरून बसूनच असते. डॉक्टर म्हणाले होते चालवा. ती चालत नाही. मुलगा-सून दिवसभर कामाला. ही एकटी उंबऱ्यात. माझ्या एका सहीनं बाई जागेला खिळली."

वस्ती मोठ्या रस्त्यापासून आत होती. त्या म्हातारीचं, ठकूबाईंचं, घर पत्र्याचं, दारात कढीपत्त्याचं झाड. पण अंगणातली काळी खुर्ची रिकामी होती. गव्हाण्यांनी हाक मारली. उत्तर नाही. त्यांनी घरात डोकावून पाहिलं आणि बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मीही घाबरले. ओसरीवर वॉकरसुद्धा नव्हता.

तेवढ्यात वाटेवरून खड्खड् आवाज आला. ठकूबाई येत होत्या. वाकलेल्या, नऊवारी, हातात वॉकर, आणि वॉकरच्या पुढच्या दांडीला सुंभानं बांधलेली एक लाल खुर्ची. खुर्ची जमिनीवरून घासत येत होती. दहा पावलं टाकून त्या थांबायच्या, दम घ्यायच्या, आणि पुन्हा निघायच्या.

गव्हाणे जागच्या जागी उभे राहिले. मीच धावत जाऊन खुर्ची सोडवून घेतली. सवयीनं उलटी केली. बाण त्याच महिन्यावर होता.

"हीच ना रं ती?" ठकूबाईंनी त्यांना विचारलं. "मला वाचाय येत न्हाई. काट्याचं त्वांड कुनीकडं हाय ते ध्यानात ठिवलंय."

मग त्यांनी आम्हाला घरामागे नेलं. शेळीच्या गोठ्यात, शेळीला एका कोपऱ्यात ढकलून, सात लाल खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

"लोकांनी दिल्या कशा?" मी विचारलं.

"न देऊन सांगत्यात कुनाला? दारात जाऊन हुबी ऱ्हायची. म्हनायची, बया, ह्या खुर्चीवर बसलं की काय व्हतं ते बग, अन् माजी चाल दावायची. लगीच द्यायची बाई. आन् म्या समद्यांना सांगितलंय, सायेब नव्या आनून देतूय म्हनून. आठ झाल्या आता. आनशील न्हवं?"

गव्हाण्यांनी मान हलवली.  मग म्हणाले, "आये, तुमाला कुणी सांगितलं? मी कुठली खुर्ची शोधायलोय ते?"

"कुनी सांगाय कशाला पायजे? पयल्यांदा आलास तवा घरातली दुसरी खुर्ची तू उलटी केलीस, काट्यावर बोट ठिवलंस, अन् तितंच मातीत बसलास डोकं धरून. नुसता कंपनीचा मानूस आसा बसत न्हाई. म्या काय इचारलं न्हाई. म्हनलं, सांगंल कवातरी."

"सही माझी होती, आये," गव्हाणे म्हणाले. त्यांनी काळा रुमाल तोंडाला लावला आणि गोठ्याच्या कुडाला धरून उभे राहिले. 

ठकूबाई शेळीच्या पाठीवर हात टेकून त्यांच्याकडे वळल्या. मग मला म्हणाल्या, "त्याला पानी दे गं बाई, माठ आत हाय." आणि वॉकर पुढं सरकवत त्यांना म्हणाल्या, "रडतूयास कशापायी? डाक्टर म्हनायचा, म्हातारे चाल, चाल. आरं, पर चालून जायाचं कुटं? मला कुनाचं काम हुतं? तुज्या खुर्च्या हुडकायच्या म्हनून तर म्या उटले."

मी पाणी घेऊन आले तेव्हा त्या अंगणातून पलीकडची घरं दाखवत होत्या. तिथं अजून तीन दारं राहिली होती आणि उद्या सकाळी ऊन चढायच्या आत त्या निघणार होत्या.